डाव्या बाजूचं कव्हर

घोरपडीतल्या एका सोसायटीत, जिन्याखाली,
अकरा वर्षं उभी होती ती येझदी.
वरच्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनचं पाणी
पाइपाच्या चिरेतून थेंब थेंब
नेमकं इंजिनाच्या डाव्या कव्हरवर.
सोड्याचं पाणी. लोखंड असतं तर लाल झालं असतं.
हे पांढरं पडलं,
लोणच्याच्या बरणीच्या काठाशी मीठ फुलतं तसं.

"बाबांची," धाकटा रणपिसे म्हणाला.
"गार्ड होते, दौंड लाइनला.
तुम्ही खरंच चालवणार?"
मी अठ्ठावन्नची. चालवणार म्हटलं.

बारावीला एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं.
अ‍ॅल्युमिनिअम हवेत स्वतःचं कातडं स्वतः विणतं,
म्हणून टिकतं. कारणे द्या, दोन गुण.
ते कातडं हाताला कसं लागतं
हे कुणा पोरानं विचारलं नाही, मलाही सुचलं नाही.
मांजराच्या जिभेसारखं लागतं.

जुना लॅबकोट घालून बाल्कनीत बसले.
पाच स्क्रूंपैकी चार निघाले:
डिझेल, रात्रभर थांबणं, ब्लोलँपची ऊब, हातोडीचा एक ठोका.
पाचवा मान मोडून आतच राहिला.
पोलाद आणि अ‍ॅल्युमिनिअम, मध्ये ओल,
की एक दुसऱ्याला खात बसतो.
हेही शिकवलेलं. आकृतीसह.

नाना पेठेत, बेअरिंगच्या दुकानामागच्या बोळात
मुनीर शिकलगारची बफिंगची मोटर.
"तलवारी पणजोबांबरोबर संपल्या," तो सांगतो,
"आजोबांनी न्हाव्यांचे वस्तरे केले, अब्बांनी कुकर."
कव्हर त्यानं उजेडात तिरकं धरलं, अंगठ्यानं वाचलं.
"वरची लॅकर फुटली, पाणी आत शिरलं,
बाहेर यायला वाट नाही. त्यानंच खाल्लं.
उघडं असतं तर एवढं गेलं नसतं, मॅडम."
मग कागद मोजून दिले. तीनशे वीस, सहाशे, हजार, दीड हजार.
पाण्यात भिजवून. एक उभा, पुढचा आडवा.
आधीचे ओरखडे दिसेनासे झाल्याशिवाय
पुढच्याला हात लावायचा नाही.

नऊ दिवस. मोरीत राखाडी पाणी.
सांडशीसुद्धा धरवेना,
शेजारच्या परांजपेबाई म्हणाल्या, नवीन का नाही घेत हो?
मी म्हटलं, काय, मनगट?

एक जागा मात्र घासावी लागली नव्हती.
गिअरच्या दांडीशेजारी, रुपयाएवढी,
सगळं पांढरं पडलेलं असताना तिथे लख्ख.
गार्डसाहेबांचा बूट. रोज तिथेच घासत असणार,
पहाटेच्या ड्यूटीला स्टेशनवर जाताना, किती वर्षं कोण जाणे.

हे मुनीरला सांगायचं राहिलं.
मोटर सुरू झाली, हिरवा साबण, कापडाचं चाक,
त्याच्या भुवयांवर काळी लव,
आणि वीस मिनिटांत सगळं कव्हर त्या रुपयासारखं.
बोळातली वीजवाहिनी त्यात दिसली, माझी हनुवटी दिसली.
"एवढा खड्डा राहिलाय. काढू? भिंत पातळ होईल,
मग तेल झिरपेल."
राहू दे, म्हटलं.
घरी येईपर्यंत लक्षातच आलं नाही
की तो रुपया मीच पैसे देऊन पुसून आणला.

लॅकर मारलेली नाही. महिन्यातून एकदा चोळते,
जुन्या पोलक्याच्या चिंधीनं, रविवारी, कुकर होईपर्यंत.
आश्विनात जरा मावळलं होतं, परत आलं.
सांगायचं तर एवढंच,
की दांडीशेजारी आता एक ठिपका चोळावा लागत नाही.
त्यांच्या जागेपेक्षा बोटभर मागे.
माझा बूट पाच नंबरचा.